घोड्याआधी माणूस नुसता पायीच फिरायचा? अजिबात नाही

एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतंय. म्हणे 6000 वर्षांपूर्वी युक्रेन-कझाकस्तानच्या गवताळ मैदानात माणूस पहिल्यांदा घोड्यावर बसला, आजचे सगळे घोडे तिथलेच, त्याआधी माणूस फक्त पायी चालायचा, आणि मग राजे लगेच घोड्यावर बसून लढायला लागले. यातलं एकही टिकत नाही.

6000 चा आकडा आला युक्रेनमधल्या देरीइव्का या उत्खननाच्या जागेहून. तिथं एका घोड्याच्या दातांवर लगामाच्या कडियाळ्याने (घोड्याच्या तोंडात अडकवतात त्या दांडीने) झालेली झीज दिसली. पण नंतर त्याच घोड्याचं कार्बन डेटिंग केलं तर तो तीन हजार वर्षांइतकाही जुना निघाला नाही, आणि दावा करणारे पुरातत्त्वज्ञ डेव्हिड अँथनी आणि डॉरकस ब्राउन यांनी स्वतःच तो मागे घेतला. फॉरवर्डमध्ये मात्र आकडा तसाच आहे.

कझाकस्तानातली बोताई ही वस्ती साधारण 5500 वर्षांपूर्वीची, तिथं मडक्यांत घोडीच्या दुधाचे अंशही मिळालेत, हे मान्य. पण 2018 ला डीएनए तपासला तर ते घोडे मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की घोड्यांचे पूर्वज निघाले, आपल्याकडच्या घोड्यांचे नाहीत. आजच्या घोड्यांचं मूळ रशियातल्या व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या भागात, आणि तिथून ते झपाट्याने पसरले ते साधारण 4200 वर्षांपूर्वीपासून. त्याआधी कुणीच बसलं नसेल असं मी म्हणत नाही, 5000 वर्षांपूर्वीच्या काही माणसांच्या सांगाड्यांवर स्वारीच्या खुणा असल्याचा दावा 2023 ला झालाय, पण त्यावर वाद चालू आहे.

'फक्त पायी' हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण यात गाढव आणि बैल दोघांनाही पुसून टाकलंय. गाढव आफ्रिकेत जवळपास 7000 वर्षांपूर्वी माणसाळलं. इजिप्तमध्ये अबायडोसला एका राजाच्या स्मारकाशेजारी 10 गाढवं मानाने पुरलेली सापडली, सुमारे 5000 वर्षांपूर्वीची, आणि त्यांच्या पाठीचे मणके ओझं वाहून झिजलेले होते. स्लोव्हेनियातल्या दलदलीत मिळालेलं लाकडी चाकही साधारण तितकंच जुनं, आणि त्या काळी गाड्या ओढायचे बैल. आपल्या महाराष्ट्रातल्या दायमाबादला 1974 ला सापडलेला तो सुंदर ब्राँझचा रथ आठवा, त्यालाही बैलच जुंपलेत! आणि होडी तर फारच जुनी, ऑस्ट्रेलियात माणूस पोचला निदान 50,000 वर्षांपूर्वी, मध्ये समुद्र होता, तो काय चालत ओलांडला?

आता राजांचं. सीरियातल्या मारी या प्राचीन शहराच्या झिम्री-लिम राजाला साधारण 3800 वर्षांपूर्वी त्याच्याच अधिकाऱ्याने पत्र लिहिलं, की महाराजांनी घोड्यावर बसू नये, पालखीत किंवा खेचरावर बसावं आणि राजपदाचा मान राखावा. म्हणजे घोड्यावर बसणं तेव्हा राजाला शोभत नव्हतं. घोडदळ ठळक दिसतं ते प्राचीन इराकमधल्या असिरियन शिल्पांत, साधारण 2900 वर्षांपूर्वी, आणि तिथंही स्वार जोडीने जाताना दिसतात, पाय ठेवायला रिकीब नाही, एक जण दोन्ही घोड्यांचे लगाम धरून आणि दुसरा धनुष्य ताणून.