गाणे ऐकू आले, म्हणजे लेसर रिसीव्हर झाला?

लेसर पॉइंटरवर चढवलेले गाणे सोलर पॅनेलने पकडून स्पीकरवर ऐकवायचे आणि ‘हाच लेसर रिसीव्हर, पॅनेल मोठे तितका पल्ला मोठा, लेसर उन्हाहून प्रखर म्हणून उन्हाची चिंता नको, सिग्नल क्षीण झाला तर गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते प्रमाण) वाढवा’ असे सांगायचे, हा दावा सध्या खूप फिरतो आहे. प्रयोग खोटा नाही. १८८० मध्ये टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी टेंटर यांनी सेलेनियमच्या (प्रकाशानुसार ज्याचा विद्युतरोध बदलतो अशा मूलद्रव्याच्या) साहाय्याने प्रकाशकिरणावरून बोलणे ऐकवले होते, तेही सूर्यप्रकाश वापरून. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत.

पहिला मुद्दा आकाराचा. संवेदकाचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाचे, क्षेत्रफळ वाढले की त्याची धारिताही (विद्युतभार साठवण्याची क्षमता, कपॅसिटन्स) वाढते आणि वेगाने बदलणारा सिग्नल तिथेच बोथट होतो. पॅनेलची धारिता १०० नॅनोफॅरड धरली, तर १० किलोओहमच्या इनपुटवर १६० हर्ट्झच्या पुढे घसरण सुरू होते; गाणे ऐकू येते, पण गुदमरलेले. बीपीडब्ल्यू३४ या फोटोडायोडची (प्रकाशाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करणाऱ्या छोट्या घटकाची) धारिता बायसशिवायही, म्हणजे बाहेरून व्होल्टेज न लावताही, सुमारे ७० पिकोफॅरडच असते, म्हणजे पॅनेलच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी. प्रकाश जास्त हवा असेल, तर तो भिंगाने गोळा करावा आणि संवेदक लहानच ठेवावा. नेम धरणे त्यामुळे अवघड होते, पण तो सौदा परवडतो.

उन्हाविषयीचे विधान तर साध्या हिशेबातच कोसळते. १ मिलिवॅटच्या पॉइंटरचा ठिपका जवळूनही सुमारे ३ चौरस मिलिमीटरचा असतो, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर जेमतेम ०.३ मिलिवॅट, भर उन्हात तेवढ्याच जागेवर सुमारे १ मिलिवॅट पडतो. दूरवर हाती येणाऱ्या १ मायक्रोवॅटमधून फोटोडायोड अंदाजे ०.४ मायक्रोअँपिअर देतो, तर थेट ऊन त्याच्यातून २-३ मिलिअँपिअर काढते. आता हा प्रवाह व्होल्टेजमध्ये बदलण्यासाठी ऑप-अँपच्या (प्रवर्धक चिपच्या) आउटपुटपासून इनपुटकडे, म्हणजे फीडबॅकला, १ मेगाओहमचा रोध लावला, की सिग्नलचे ०.४ व्होल्ट होतात खरे, पण उन्हासाठी २००० व्होल्टांहून अधिक लागतील. ५ व्होल्टांवर चालणारा ऑप-अँप कमाल पातळीला चिकटून बसतो आणि स्थिर प्रवाह अडवण्यासाठी पुढे लावलेल्या कपॅसिटरपर्यंत सिग्नल पोचतच नाही. म्हणून संवेदकासमोर लेसरच्या तरंगलांबीपुरता अरुंद पट्टा जाऊ देणारा फिल्टर हवा आणि स्थिर प्रवाह पहिल्याच टप्प्यात वजा करणारे मंडल हवे. एवढे करूनही जे ऊन आत शिरते, त्याचा शॉट नॉइज (प्रवाहातील स्वाभाविक, अनियमित चढउतारांची खरखर) शिल्लक राहतोच.

गेनबद्दल फार लिहायला नको: तो सिग्नलबरोबर नॉइजही तितकाच वाढवतो. त्याऐवजी लेसर ठरावीक वारंवारतेवर, टीव्हीच्या रिमोटप्रमाणे ३८ किलोहर्ट्झवर म्हणा, चालू-बंद करून रिसीव्हरमध्ये तेवढाच पट्टा गाळून घेतला, तर दिव्यांची १०० हर्ट्झची गुणगुणही बाहेर राहते.