नारळ फोडून बुजवलेली विहीर

आज दुपारी आत्तीकडं गेले होते, कोल्हापुरात शिवाजी पेठेत. गल्लीच्या तोंडालाच ट्रॅक्टर आडवा. मागचा जुना वाडा पाडलाय, तिथं अपार्टमेंट होणार आहे, हे माहीत होतं. वाड्याच्या परड्यात विहीर आहे हेही माहीत होतं. ती आजच बुजवणार हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ट्रॉली उचलली गेली आणि विटा, फरशीचे तुकडे, चुन्याचे पोपडे, फुटक्या कमोडचा अर्धा भाग असं सगळं घरंगळत आत गेलं. खाली पाणी होतं. चांगलं भरपूर होतं, आवाजावरनंच कळत होतं.

कठड्यावर हळदकुंकू वाहिलेलं, शेजारी फोडलेला नारळ. मी काहीतरी बोलायला पुढं गेले तर तिथला माणूस म्हणाला, "ताई, सगळं रीतसर केलंय. आसरांची ओटी भरलीया, साडीचोळी सोडलीया. काय काळजी करू नका."

तेव्हापासून डोकं ठणकतंय. साती आसरा म्हणजे जलदेवता, पाण्यात राहतात म्हणून त्यांची ओटी भरायची आणि मग त्यांच्याच डोक्यावर कमोड टाकायचा? कुठल्या शास्त्रात बसतं हे? नुसती विहीर बुजवली असती तर मला वाईट वाटलं असतं. नारळ फोडून बुजवली म्हणून संताप आलाय.

आता आत्तीच्या आडाबद्दल सांगते. पुढचं सगळं त्याच्याशीच बांधलेलं आहे.

ऑगस्ट 2019 चा महापूर आठवतोय ना? सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी पाण्यात. बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि सगळ्या शहराचे नळ कोरडे पडले. गावाभोवती समुद्र झालेला आणि घरात प्यायला तांब्याभर पाणी नाही. टँकर आला की माणसं कळशा घेऊन पळत सुटायची. आत्तीच्या परड्यात आड आहे. अरुंद, गोल, दगडी, माणूस वाकून बघेल एवढाच. लोखंडी रहाट गंजलेला, वर पत्रा, पत्र्यावर तुळशीच्या कुंड्या. कुणाच्या लक्षातही नव्हता. आत्तीनं कुंड्या बाजूला केल्या, पत्रा काढला, रहाटाला तेल दिलं आणि दोर सोडला. पाणी हाताला लागेल इतकं वर आलेलं. मग गल्लीच्या गल्ली त्या आडावर. आत्ती उंबऱ्यावर बसून सांगायची, "प्यायला न्यायचं असलं तर तुरटी फिरवा, चांगलं खळाळून उकळा." जात कुठली, घर कुठलं, भाडेकरू की मालक, काही विचारलं नाही. दारात भांडणही झालं नाही. टँकरवर रोज होत होती.

2021 च्या जुलैत परत पूर, परत नळ बंद, परत तोच आड.

आणि आज जी विहीर बुजवली ना, तिचं आणि आत्तीच्या आडाचं पाणी एकच. हे मी नाही, आत्ती सांगते. पूर्वी वाड्यातली माणसं गाळ काढायला विहीर उपसायची तेव्हा हिच्या आडाची पातळी हातभर खाली जायची, असं तिचं डोळ्यांनी बघितलेलं आहे. जमिनीखाली वाड्यांच्या हद्दी नसतात. सात-बारा बघून पाझर वळत नाही.

हे सगळं अंबाबाईच्या गावात चाललंय, हे मला सहन होत नाही. कारण आपण याच गावात काही वर्षांपूर्वी काय बघितलं? देवळाच्या आवारात घाटी दरवाजाकडं मणिकर्णिका कुंड होतं. करवीर माहात्म्यात, म्हणजे आपल्या क्षेत्राच्या जुन्या पोथीत, त्याचं नाव आहे. आपण स्वतःला दक्षिण काशी म्हणवतो, मग काशीची मणिकर्णिका इथं असणारच. साठएक वर्षांपूर्वी ते बुजवलं. वर बाग केली. पुढं तिथं शौचालय झालं. तीर्थावर शौचालय! आमच्या पिढीला तर तिथं तीर्थ होतं हेच माहीत नव्हतं. नवरात्रात आईचा हात धरून रांगेत उभी असायची, तेव्हा पायाखाली कुंड आहे हे मला कुणीच सांगितलं नाही. काशी कुंडाचं तेच, तेही मातीत गेलं.

मग 2020 नंतर मणिकर्णिका उकरायला सुरुवात झाली. दगडी पायऱ्या निघाल्या, भिंतीतल्या देवळ्या निघाल्या, नाणी, तांब्यापितळेची भांडी, मूर्ती निघाल्या. आणि तळाशी झरे निघाले, जिवंत! एवढी वर्षं माती, बाग, बांधकाम सगळं उरावर घेऊन ते वाहायचे थांबलेच नव्हते. मी आत्तीला घेऊन बघायला गेले होते. कठड्यापलीकडून दिसत होतं ते असं: दोन दगडांच्या सांध्यातून पाण्याची बोटभर रेघ, तिच्याखालचा दगड काळा ओला आणि बाकीचा धुळीनं पांढरा. आत्तीनं आधी त्या ओल्या दगडाला हात जोडले आणि मग देवळाकडं वळली. मला ते फार बरं वाटलं. लिहिताना आत्ताही वाटतंय.

पण ते कुंड उघडलं म्हणून पेढे वाटणारं गाव पेठेतली विहीर बुजवताना ओटी भरतं. एकीकडं उकरायचं, दुसरीकडं भरायचं.

आपलं हे गाव मुळात तळ्यांचं. तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून लिहिते. कपिलतीर्थाची मंडई आहे ना, जिथनं आपण भाजी आणतो, तिथं तीर्थ होतं, पाणी होतं. कोल्हापूरचं ग्रामदैवत कपिलेश्वर आज मेथीच्या जुड्या आणि टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसलंय. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. शाहू स्टेडियम रावणेश्वराच्या तळ्यावर उभं आहे. फुटबॉलवर माझंही प्रेम आहे, पेठेतलीच आहे मी, पण आहे ते आहे. कोटितीर्थ कसंबसं उरलं. रंकाळा उरला, पण त्यात सांडपाणी सोडून आणि केंदाळ वाढवून आपण त्याचं काय केलं ते रोज फिरायला जाणाऱ्यांनी सांगावं.

आणि दर पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साठतं. दर पावसाळ्यात! मग 'मैदानाला तळ्याचं स्वरूप' अशी बातमी. स्वरूप कसलं, ते तळंच आहे. चारी बाजूंचा उतार तिकडं आहे, पाणी स्वतःच्या घरी येतंय. आपण त्याच्या घरात क्रिकेट खेळतोय. पंप लावायचे, गटारी रुंदवायच्या, निधी आणायचा, पुढच्या पावसात परत तेच. त्या मैदानाच्या एका कोपऱ्यात तरी पाण्याला मुरायला जागा द्यावी असं एवढ्या वर्षांत कुणाच्या मनात येत नाही?

डासांचं म्हणाल तर खरं आहे, मान्य. साठलेल्या पाण्यात डास होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतले कितीतरी तलाव मलेरियाच्या भीतीनंच बुजवले. गोवालिया टँक, धोबी तलाव ही आता नुसती नावं आहेत. लहान पोरं पडतात हेही खरं. मग जाळी टाका, गप्पी मासे सोडा, उपसा चालू ठेवा. आत्तीच्या आडात गप्पी मासे आहेत, वर जाळी आहे, आणि तिचं घर आमच्यापेक्षा जास्त डासांचं नाही. वापरातलं पाणी सहसा कुजत नाही. आपण पाणी काढायचं बंद केलं, मग ते खराब झालं, मग खराब झालं म्हणून बुजवलं. या क्रमातली पहिली पायरी कुणीच बोलत नाही.

"आता काळम्मावाडी धरणाचं पाणी आलंय, विहिरी कशाला पाहिजेत?" हे मला आजच ट्रॅक्टरपाशी उभ्या असलेल्या एका काकांनी ऐकवलं. थेट पाइपलाइन आली, 2023 च्या दिवाळीच्या सुमाराला आली, चांगलंच झालं. पंचगंगेचं पाणी कसलं पीत होतो ते आपल्यालाच ठाऊक. पण पन्नासेक किलोमीटरवरनं येणारं पाणी विजेवर, पंपावर आणि पाइपवर येतं. ह्यातलं एक बंद पडलं की काय होतं ते बघायला पूरच लागतो असं नाही, एखादी गळतीही पुरते. त्या काकांना मी एवढंच म्हटलं, "काका, 2019 ला तुम्ही पाणी कुठनं नेलंत?" ते गप्प बसले. आत्तीच्या आडावरनंच नेलं होतं. मी स्वतः त्यांची घागर भरून दिली होती.

आवाज चढवायला नको होता, ते वडीलधारे आहेत. पण त्यांनी गप्प बसायला नको होतं, विहिरीसाठी बोलायला पाहिजे होतं.

मणिकर्णिकेबद्दल अजून एक भीती आहे. ते कुंड आता 'प्रेक्षणीय' होईल. रंगीत दिवे, कारंजं, स्टीलची रेलिंग, सेल्फी पॉइंट. आणि त्यात टँकरनं किंवा नळानं पाणी भरतील. तसं झालं तर माझ्या दृष्टीनं ते दुसऱ्यांदा बुजवल्यासारखंच होईल. कुंड म्हणजे नुसत्या पायऱ्या नव्हेत. त्याला पाणी येतं ते आजूबाजूच्या गल्ल्यांच्या जमिनीतनं. तिथं आपण इंचभर माती उघडी ठेवलेली नाही, सगळीकडं पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट. पाऊस पडतो तो थेट गटारीत जातो. झरा जिवंत निघाला ही देवीची कृपा, तो जिवंत ठेवायचा तर देवळाभोवतीच्या पेठांत पाणी मुरलं पाहिजे, जुन्या गळक्या ड्रेनेजचं पाणी जमिनीत जायचं थांबलं पाहिजे, आणि राहिलेले आड, विहिरी उघड्या राहिल्या पाहिजेत. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून कुणी करणार नाही अशी धास्ती वाटते.

कायद्याचं मला फारसं कळत नाही. खासगी जागेतली विहीर मालकाची, त्याला अपार्टमेंट बांधायचंय, त्याचे पैसे अडकलेत, हेही समजतं. पण विहीर ठेवून, तिच्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी सोडून बिल्डिंग बांधता येते की. पार्किंगच्या दोन गाड्या कमी बसतील. दोन गाड्यांसाठी गल्लीचं पाणी गेलं.

संध्याकाळी आत्ती आडावरचा पत्रा परत परत उचलून बघत होती, पाणी गढूळ झालंय का म्हणून. मला म्हणाली, "माझ्या माघारी पोरं ह्योबी बुजवतील बघ." मी म्हटलं, मी बुजवू देणार नाही. ती हसली आणि चहा ठेवायला आत गेली. तिचा विश्वास बसलेला नाही, दिसत होतं.

तर आता काम. तुमच्या गल्लीत, वाड्यात, देवळाच्या आवारात आड, विहीर, कुंड, तळं जे काही असेल ते खाली कमेंटमध्ये लिहा. पाणी आहे का, कोण वापरतं, शेवटचा गाळ कधी काढला. बुजवलेलं असेल तर आज त्याच्यावर काय उभं आहे तेही लिहा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना आजच विचारा. मी पेठवार यादी करतेय आणि ती घेऊन महापालिकेत जाणार आहे, ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा. उत्तरेश्वर आणि बुधवार पेठेतल्यांनी आधी लिहा, तिकडच्या दोन विहिरी मी नुसत्या ऐकल्यात, बघितलेल्या नाहीत.