बूम धरायला अनुभव कशाला?

आज पुन्हा तेच वाचलं. ‘टीव्हीचा राजकीय प्रतिनिधी करतो काय? बूम (म्हणजे वाहिनीचा माईक) धरतो, दोन मिनिटं बोलतो. त्याला वीस वर्षांचा अनुभव कशाला हवा?’ डोकंच फिरलं.

२० नोव्हेंबर १९९०ची ती क्लिप बघा. पॅरिस, ब्रिटिश वकिलातीबाहेरचा अंधार. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आत आहेत, आणि तिकडे लंडनमध्ये त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी पक्षनेतेपदासाठी मतदान केलंय. बीबीसीचे जॉन सार्जंट लाइव्ह सांगताहेत की बाई एवढ्यात बाहेर येणार नाहीत. आणि पाठीमागून थॅचरबाई चालत येताहेत! ‘त्या तुमच्या मागे आहेत’ हे लंडनच्या स्टुडिओतून कानात सांगावं लागलं. तोवर बाईंचे प्रसिद्धी सचिव बर्नार्ड इंगहॅम सार्जंटना ढकलत विचारताहेत, माईक कुठेय?

लोक हसतात. अहो, चौकटीत मागे इमारत दिसायला हवी म्हणून प्रतिनिधी दाराकडे पाठ करूनच उभा असतो. त्याचे डोळे म्हणजे कानातला इअरपीस. तोही धड नसतो. उपग्रहावरून आवाज एका बाजूला पोचायला पाव सेकंद, सवाल-जवाबाला अर्धा, वर यंत्रांचा उशीर वेगळा. त्यात स्टुडिओने चुकून त्याचाच आवाज परत पाठवला, की स्वतःचं बोलणं मागाहून ऐकू येतं आणि जीभ अडखळते. मुरलेला माणूस सरळ इअरपीस उपसतो, उत्तर पुरं करतो, पुढच्या प्रश्नाला परत घालतो. नवखा तिथेच गडबडतो.

सार्जंटनी धक्का खाऊनही माईक बाईंसमोर धरला. बाई बोलल्या: मतदानाच्या दुसऱ्या फेरीत उभी राहणार.

आणि पाठांतराचं काय? त्या संध्याकाळचे आकडे: थॅचर २०४, त्यांना आव्हान देणारे हेसेल्टाइन १५२. सांगा, जिंकल्या? नाही! नुसतं बहुमत पुरत नव्हतं, पक्षाच्या एकूण ३७२ खासदारांच्या १५ टक्के आघाडी हवी होती, म्हणजे ५६. मिळाली ५२. चार मतांनी घोडं अडलं. हे गणित निकालाच्या आधीच डोक्यात तयार लागतं. लाइव्ह सुरू झाल्यावर नियमावली कोण उघडणार?

हो, काही जण नेत्यांच्या मागेपुढे फिरता फिरता त्यांचेच होऊन जातात. ‘सूत्रांची माहिती’ म्हणत पुड्या सोडणारेही आहेत. मान्य. पुढे.

खरा कस शब्दात लागतो. बाई पॅरिसला जे बोलल्या ते त्यांच्या मनातलंच होतं. पण दुसऱ्या दिवशी एकेक मंत्री येऊन सांगून गेला की जमणार नाही, आणि २२ तारखेला त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. ‘त्या लढणार’ असं ठोकून देणारा तोंडघशी पडला असता, ‘लढणार म्हणताहेत’ म्हणणारा तरला असता. फरक एका शब्दाचा. तो शब्द आपोआप तोंडात यायला किती वर्षं लागतात, हे ज्यांनी ही कामं जवळून पाहिलीत त्यांना विचारा.

असो. आता राग जरा उतरलाय. सार्जंट त्यानंतरही जवळपास दहा वर्षं बीबीसीवर राजकारण सांगत होते, २००० साली आयटीएन या दुसऱ्या ब्रिटिश वृत्तसंस्थेचे राजकीय संपादक झाले. आणि तुमच्या लक्षात राहिला तो धक्का.