साहेबांची आई आणि आमची गॅलरी

आमच्या मतदारसंघातून उभ्या राहिलेल्या एकाही माणसाचं बालपण बरं गेलेलं नाही. एकाच्या घरात कंदील होता पण रॉकेल नव्हतं, दुसऱ्याकडे रॉकेलचं बरं होतं पण वडील लवकर गेले, तिसरा अनवाणी शाळेत जायचा आणि ती शाळा दर सभेला अर्धा किलोमीटर लांब सरकते. मला हे एवढं डिटेलमध्ये माहीत आहे कारण आमची गॅलरी. पुण्याच्या कडेला टँकरच्या पाण्यावर जगणारी आमची सोसायटी, आमचा पहिला मजला, समोर चौक, आणि चौकातल्या मोकळ्या प्लॉटवर नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेच्या ज्या काही कोपरा सभा झाल्या त्या सगळ्या, म्हणजे सगळ्याच पक्षांच्या, आमच्या हॉलमध्येच झाल्या असं धरून चाला, कारण भोंगा बरोब्बर आमच्या खिडकीकडे तोंड करून बांधतात. साऊंडवाल्या पोराला म्हटलं, जरा तिकडं फिरव की रे. तर म्हणाला, काका तिकडं हॉस्पिटल आहे. बरोबर आहे. आम्ही अजून धडधाकट आहोत.

सभेचा क्रम ठरलेला. आधी हॅलो हॅलो माईक टेस्ट, मग पोवाडा, मग कोणीतरी लोकल पुढारी तासभर सांगत राहणार की साहेब दोन मिनिटात पोचताहेत, मग फटाके, क्रेनने उचललेला हार, साहेबांची चार वाक्यं विकासावर, आणि मग एकदम आवाज खाली. आवाज खाली आला की समजायचं, आई आली.

माझी आई त्या वेळेला गॅलरीत मेथी निवडत बसलेली असते आणि तिच्याकडे सगळा हिशोब असतो. "परवा म्हणाला चार घरची धुणीभांडी करायची. काल सहा घरं झाली. आज म्हणतोय शेतात खुरपायला पण जायची. अरे, ती बाई झोपायची कधी?" एवढं बोलून लगेच पदर डोळ्याला. मी म्हटलं, अगं आत्ताच तर तू त्याची खोड काढलीस. तर म्हणे, "हा फुगवून सांगतोय म्हणून त्या माउलीने काही केलंच नसेल का?" यावर काय बोलणार. आमची मुलगी सहावीत, तिला सगळी भाषणं पाठ. पोळी जरा करपली असं बायकोला म्हणायला गेलो की ती हात वर करून सुरू होते, "बांधवांनो आणि भगिनींनो, त्या रात्री आमच्या घरात करपलेली पोळीसुद्धा नव्हती!"

मला या प्रकाराचा राग येतो तो गोष्ट खोटी असते म्हणून नाही, बऱ्याचदा ती खरीच असते. राग याचा येतो की तिला उलट प्रश्न विचारता येत नाही. उमेदवार म्हणाला पाइपलाइन आणतो, तर विचारता येतं कधी, कुठून, किती इंची. तो म्हणाला माझ्या आईने डोक्यावरून पाणी वाहिलं, तर काय विचारणार? किती हंडे? म्हणजे सभेला जाताना तुम्ही डोक्यात टँकरचं बिल घेऊन गेलेले असता आणि परत येताना, ज्याच्याकडे तीन गाड्या आहेत त्या माणसाची कीव करत येता.

एक अपक्ष पण उभे होते, रिटायर्ड इंजिनिअर. त्यांच्या सभेला वीस-पंचवीस डोकी, त्यातली निम्मी प्लॉटवर क्रिकेट खेळणारी पोरं. त्यांनी अर्धा तास पाण्याच्या टाकीची उंची, मेन लाइनचा व्यास, प्रेशर, गळती असं सगळं कागद बघून समजावून सांगितलं. मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं. आई म्हणाली, "माणूस चांगला आहे. पण याला आई नव्हती का?"

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर सगळ्यांची शपथपत्रं डाऊनलोड करून ठेवली होती. सुप्रीम कोर्टाच्या 2002 च्या निकालानंतर उमेदवाराला संपत्ती, कर्ज, गुन्हे, शिक्षण हे सगळं लिहून द्यावं लागतं, ते निवडणूक आयोगाच्या साइटवर कोणालाही बघता येतं, आणि काका ते सभा चालू असताना बघतात. खाली साहेब फाटक्या चड्डीवर आले की वरून काकांचा आवाज येतो, "शेतजमीन बावीस एकर! सोनं ऐंशी तोळे!" तरी चड्डी काही खोटी ठरत नाही, कारण चड्डी तेव्हाची आणि तोळे आत्ताचे. शपथपत्रात बालपणासाठी रकानाच नाही.

रात्री दहाला भोंगा बंद होईपर्यंत झोप लागायचा प्रश्नच नसतो, त्यामुळे मोबाइलवर वाचत पडायचो की हा उद्योग बाकी जगात पण चालतो का. चालतो, आणि जुना आहे. अमेरिकेत 1952 साली निक्सन उपाध्यक्षपदाला उभे होते, त्यांच्यावर 18,000 डॉलरच्या एका फंडावरून आरोप झाले, तर पठ्ठ्या टीव्हीवर आला, आपला जमाखर्च सांगितला, माझ्या बायकोकडे भारी फरचा कोट नाही साधा कापडी आहे हे सांगितलं, आणि मग म्हणाला की एका समर्थकाने आमच्या पोरींना एक कुत्रं पाठवलंय, चेकर्स नाव आहे, पोरींचा त्याच्यावर जीव आहे, लोक काय वाट्टेल ते बोलोत, ते आम्ही परत करणार नाही. झालं. फंड राहिला बाजूला, तारांचा पाऊस पडला, निक्सन टिकले. आमच्याकडे कुत्र्यावर भागलं नसतं, आमच्याकडे आईच लागते. त्याच देशात 1987 मध्ये बायडन यांनी ब्रिटनचे नेते नील किनॉक यांच्या भाषणातला खाणकामगार पूर्वजांचा भाग जवळपास जसाच्या तसा स्वतःच्या घराण्याला लावला, ते बाहेर आलं आणि त्यांना अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घ्यावी लागली. दुसऱ्याचं भाषण ढापणं समजू शकतो हो, पण पूर्वज?

आणि गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी विरोधकच हातात आणून देतात. 1840 साली अमेरिकेत अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या हॅरिसन यांना त्यांच्या विरोधकांनी खिजवलं की हा म्हातारा लाकडी झोपडीत दारू पीत बसेल, तर त्यांनी झोपडीच प्रचाराची खूण केली आणि जिंकले, जन्म म्हणाल तर मळेवाल्यांच्या वाड्यात. आपल्याकडे 2014 ला काँग्रेसच्या नेत्याने मोदींना चहा विकण्यावरून टोमणा मारला आणि चौकाचौकात चाय पे चर्चा सुरू झाली. 2022 ला शिंदेंचा रिक्षावाला म्हणून उद्धार झाला, तर ते म्हणाले रिक्षाने मर्सिडीजला मागे टाकलं. शरद पवारांनी तर 18 ऑक्टोबर 2019 ला साताऱ्यात गोष्ट पण सांगितली नाही, नुसते पावसात उभे राहून बोलत राहिले, आणि पोटनिवडणुकीत उदयनराजे पडले, श्रीनिवास पाटील आले. तेव्हापासून सभेत चार थेंब पडले की नेते आधी छत्रीवाल्याला लांब ढकलतात. आमच्याकडच्या एका साहेबांना नोव्हेंबरात पाऊस कुठून मिळणार, ते आपले आभाळाकडे बघत घाम पुसायचे.

तर हेच साहेब, म्हणजे सहा घरची धुणीभांडीवाले, एका सकाळी सोसायटीत भेटीगाठींना आले. पुढे ते, मागे पंधरा-वीस पोरं, सगळ्यांच्या हातात मोबाइल, जिन्यात अत्तराचा वास. आमच्या दारात आले, "मावशी, आशीर्वाद द्या," म्हणत वाकले. आईने आशीर्वाद दिला आणि विचारलं, "पाण्याचं काय?"

"मावशी, पाण्याचं दुःख मला सांगू नका. माझी आई दोन कोसावरून..."

"बस," आई म्हणाली. "बस इथं. सांगते."

आणि तिने त्यांचं मनगट धरून त्यांना सोफ्यावर बसवलं आणि 1972 चा दुष्काळ सुरू केला. माण तालुका, विहिरी आटलेल्या, जनावरं विकलेली, ही पंधरा-सोळा वर्षांची, खडी फोडायच्या कामावर. दुपारी सुकडी मिळायची, ती स्वतः अर्धी खायची आणि उरलेली फडक्यात बांधून धाकट्या भावाला न्यायची, तो वाटेवर येऊन उभा असायचा आणि आधी फडक्याकडे बघायचा मग बहिणीकडे. रात्री मिलोची भाकरी, अमेरिकेतून आलेला तो लाल मिलो, ज्वारीचाच प्रकार, थापायला घेतली की कडा तुटायच्या. साहेब दोनदा उठायला गेले, दोन्ही वेळा आई म्हणाली, अजून विहिरीचं राहिलंय. एक कार्यकर्ता म्हणाला, आज्जी, साहेबांना बी विंगला जायचंय. आई म्हणाली, "बसू दे त्यांना. आम्ही रोज ऐकतो."

शेवटी साहेबांनी रुमाल काढला. "मावशी, डोळ्यात पाणी आणलंत."

"ते राहू दे, नळात आण," आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मला वाटलं बरी जिरली. बायको पण खूश, मुलीने तर शाळेत जाऊन सांगितलं. आणि मग परत चौकात सभा, क्रेन, हार, चार वाक्यं, आवाज खाली. "बांधवांनो, बहात्तरचा दुष्काळ. माझी आई खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, पण ती खायची नाही, फडक्यात बांधून माझ्यासाठी आणायची, मी वाटेवर उभा असायचो..." वरून काकांचा आवाज आला, "वय त्रेचाळीस! शपथपत्रात वय त्रेचाळीस आहे!" पण भोंग्यापुढे काका काय ऐकू जाणार. आई मेथी टाकून कठड्याला जाऊन उभी राहिली. मी म्हटलं आता ही ओरडते.

"पिवळा मिलो म्हणतोय मेला," ती म्हणाली. "लाल होता. जा, सांगून ये त्याला."

तेवढ्यात खाली टाळ्या पडल्या, शिट्ट्या पण, बऱ्याच वेळ. आई ऐकत राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस? त्याच्या आईच्या वेळी एवढ्या पडत नव्हत्या."