‘पक्षीमित्र’ यांना उत्तर: मान कुणाची वाकडी?

‘रायनेक’ हे इंग्रजीत एका पक्ष्याचंही नाव आणि मान आखडण्याच्या आजाराचंही; या शब्दावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “पक्ष्याची मान गरागरा फिरते, आजारात मान हलतच नाही. दोन उलट गोष्टींना एक नाव कसं, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने शब्दांवर लिहू नये.” प्रश्न चांगला आहे. शेवटचा शेरा नसता तर मीही गोडीत बोललो असतो. शब्दांवर लिहायचे परवाने तुमच्याकडे मिळतात हे ठाऊक नव्हतं.

लेख लांबला, हे कबूल.

आता ते ‘उलट’. इंग्रजी ‘राय’ म्हणजे वाकडं, पिळलेलं. मान फिरते की अडते, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बघणाऱ्याला ती कशी दिसते एवढंच तो सांगतो. ढोलीत हात घातला की हा पक्षी मान ताणून सावकाश पिळतो, वर सापासारखा फुत्कारतो. (सुतारपक्ष्याच्या कुळातला, पण ढोली स्वतः कोरत नाही. निदान धाक तरी दाखवायला हवा!) पक्ष्याच्या शास्त्रीय नावातलं ‘टॉर्क्विला’ आणि या आजाराचं डॉक्टरी नाव ‘टॉर्टिकॉलिस’, दोन्ही पिळण्याच्या एकाच लॅटिन धातूतून आली. इटालियनमध्ये तर पक्षीही ‘तोर्चिकोल्लो’ आणि आखडलेली मानही ‘तोर्चिकोल्लो’. त्यांनाही कळवा, लिहू नका म्हणून.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर ऐका. माझ्या धाकटीला जन्मतः हा त्रास होता. छातीच्या आणि गळ्याच्या हाडापासून कानामागे जाणारा स्नायू उजवीकडे आखडलेला. डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं, हनुवटी मात्र डावीकडे. कलणं आणि पिळणं एकदमच. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज करून घ्यायचो. ती रडायची, तिची आईही. असं मूल मांडीवर घेतलं असतंत तर ‘उलट’ हा शब्द तुमच्या हातून उतरला नसता.

बाकीच्यात फारसं काही नाही. चाकाला बांधलेल्या पक्ष्याची ग्रीक कथा मी रचलेली नाही. प्राचीन ग्रीक कवी पिंडरच्या चौथ्या पायथियन स्तोत्रात प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी तो पक्षी जेसन या वीरासाठी आणते. “मराठीत असले घोळ नसतात” म्हणे! या पक्ष्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, आणि 1918च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही मानमोडीच म्हणत. फोटोवरच्या टोमण्याला उत्तर देत नाही.

पुढच्या खेपेला स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे मलाही नीट आदराने बोलता येईल.