आमच्या घरी बिअर होत नाही

बिअर करायला पाणी, मॉल्ट, हॉप्स नावाची कडू फुलं आणि यीस्ट लागतं. न करायला काय काय लागतं, ते किटमधल्या पुस्तिकेत दिलेलं नाही. ते मी सांगतो.

भाचा लीड्सला असतो. सुट्टीला येताना त्यानं माझ्यासाठी घरी बिअर करण्याचं किट आणलं. तोटी बसवलेली पंचवीस लिटरची झाकणाची बादली, तिच्यात कोंबलेले त्याचे कपडे आणि कपड्यांत गुंडाळलेला बाकीचा सरंजाम. "मामा, तिकडं सगळे करतात." करत असतील. इंग्लंडात घरच्या बिअरला लागणारा परवाना १९६३ सालीच रद्द झाला. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा अजून ठणठणीत आहे. दुकानातली बाटली घरी आणून प्यायची तरी परवाना लागतो, मग घरात तयार करणाऱ्याला काय काय लागत असेल! मी निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा सरकारी नोकर. या वयात चढली तर मला पेन्शनच चढावी.

पण भाच्याला कायदा सांगितला की भाचा रुसतो, म्हणून मी हवामान पुढं केलं. पुस्तिका म्हणते, यीस्ट टाकल्यावर बादली १८ ते २४ अंशांत ठेवा. जास्त तापली तर यीस्ट भलतीसलती अल्कोहोलं काढतं आणि बिअरला थिनरसारखा वास मारतो. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो. ऐन संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर दुपारी स्वेटर घालून फिरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. "बेडरूमला एसी आहे की," भाचा म्हणाला. म्हणजे बादली एसीत झोपणार आणि आम्ही दोघं गच्चीवर. तो परत गेला, पण जाता जाता घरच्या ग्रुपवर फोटो टाकून गेला. खाली ओळ : मामांची ब्रुअरी.

नातेवाइकांच्या ग्रुपवरची गोष्ट जुळे सोलापूर ओलांडायला अर्धा दिवस लागत नाही. संध्याकाळी पहिला मित्र आला. कोपऱ्यातल्या बादलीकडं बघत म्हणाला, "काय बे, झाली का?" मी म्हणालो, करणारच नाही. तो समजुतीनं हसला. "बरोबर आहे. कुणालाच सांगू नको." येताना त्यानं शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणली होती. दुसरा शेव-चिवडा घेऊन आला. कायद्याचं कलम वाचून दाखवलं तर म्हणाला, एवढा अभ्यास केलायस म्हणजे नक्कीच केलीयस. तिसऱ्याचा मुळात किटलाच विरोध. "शिंदीला कुठं किट लागतं? झाडावरनं उतरवली की दुपारपर्यंत आपोआप आंबती." त्याचं शास्त्र बिनचूक होतं. ताडीमाडीत हवेतलं यीस्ट फुकट येऊन पडतं, पुस्तिका न वाचता. जाताना सगळ्यांनी एकच सांगितलं : काढशील तेव्हा आठवण ठेव. आमच्या घरी महिनाभर चखणा विकत आणावा लागला नाही.

डब्यातला मॉल्टचा अर्क काकवीसारखा दाट निघाला. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, हे आईला कळल्यावर तिनं तो पौष्टिक ठरवला आणि चमचाभर दुधात घातला. किटच्या अर्कात हॉप्स आधीच घातलेले असतात, म्हणून तो कडू लागतो. आई तोंड वाकडं करून म्हणाली, "कडू आहे म्हणजे औषधी आहे." शेजारच्या काकू वाटी घेऊन हजर. त्यांना शुगर. मॉल्ट म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा बसला. कडू जिन्नस शुगर वाढवतो यावर सोलापुरात कुणाचा विश्वास बसेल? शेवटी डबा माझ्या कपाटात गेला, कुलपात. त्यामुळं मित्रांचा संशय पक्का झाला.

यीस्टची पुडी हिनं उत्तप्प्याच्या पिठात रिकामी केली. पीठ रात्रीत पातेल्याबाहेर आलं. एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी झाकणावरची नळी, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर बसलाय आणि अधूनमधून बुडुक करतो.

खरी मजा हायड्रोमीटरची. काचेची ही नळी द्रवात सोडायची, की तो पाण्याच्या किती पट जड आहे ते कळतं. साध्या पाण्यात १.००० दाखवते, आंबवण्याआधीच्या बिअरमध्ये १.०४० च्या आसपास. चांगलं दूध १.०३० च्या जवळपास असतं हे मला आठवलं आणि सकाळी सहाला मी पातेलं, नळी आणि चष्मा घेऊन दारात उभा राहिलो. दूधवाला जराही दचकला नाही. सायकल स्टँडवर लावून शांतपणे म्हणाला, "काका, पाणी घातलं की नळी बुडती. साय काढली की वर येती. दोन्ही बेतानं केलं की जागच्या जागी राहती." नळी १.०२९ वर होती. मी बघत राहिलो. "आणि ती नळी वीस अंशाची आहे, तुमचं दूध गरम आहे," एवढं आणखी सांगून तो पुढच्या घरी गेला. दूध त्याचंच चालू आहे. इतका जाणकार माणूस दुसरीकडं कुठं शोधायचा?

बादली मात्र पहिल्या दिवसापासून हिच्या ताब्यात. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. अन्नाला चालणारं प्लास्टिक, घट्ट झाकण, शिवाय तोटी. इंग्लंडातल्या कुणीतरी सोलापूर डोळ्यांपुढं ठेवूनच ही वस्तू घडवली असणार, असं तिचं ठाम मत. पाणी आलं की आधी ही बादली भरते, मग हंडे, मग टाकी. भाच्यानं फोनवर विचारलं, "मामा, बादली भरली का?"

"काठोकाठ."

"झाकण घट्ट आहे ना? उघडून बघू नका सारखं."

"मामी कुणाला हात लावू देत नाही."

तो फार खूश झाला. पुढच्या वेळी वाईनचं किट आणतो म्हणाला. मी नको म्हणणार, तेवढ्यात हिनं स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "अहो, त्यातली बादली केवढ्याची असते, विचारा की!"