एक्स-फॉरवर्डेड-फॉरमधला पहिला आयपी ‘खरा’ नसतो

डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत साइटवर येणाऱ्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, शोधणारं पीएचपी भाषेतलं छोटंसं फंक्शन असतं. म्हणणं थोडक्यात असं: ‘साइटवर येणाऱ्या प्रत्येकाचा आयपी एकच दिसतोय? रिमोट-ॲड्रेस चुकीचा आयपी देतो. आधी क्लायंट-आयपी हेडर बघा, तो नसेल तर एक्स-फॉरवर्डेड-फॉरमधला पहिला आयपी घ्या, तोही नसेल तरच रिमोट-ॲड्रेस. त्यानंतरही एकाच आयपीवरून ढीगभर रिक्वेस्ट आल्या तर तो बॉट, ब्लॉक करा.’

इथे हेडर म्हणजे रिक्वेस्टसोबत येणारी माहितीची ओळ. एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये मधले प्रॉक्सी, म्हणजे रिक्वेस्ट पुढे पोचवणारे सर्व्हर, ती कुठून आली ते नोंदवतात. रिमोट-ॲड्रेस म्हणजे सर्व्हरला थेट दिसणारा पत्ता. अंधेरीपासून ऐरोलीपर्यंत कितीतरी ऑफिसांच्या कोडमध्ये हे फंक्शन जसंच्या तसं चिकटवलेलं असतं. चुकीच्या लॉगिनची मोजणी, ओटीपीची मर्यादा, ॲडमिन पॅनेलची परवानगी हे सगळं याच आयपीवर चालतं, म्हणून हा मेसेज तसाच पुढे जाऊ देणं मला पटत नाही.

पहिली गोष्ट, रिमोट-ॲड्रेस चुकीचं काही सांगत नाही. टीसीपीचं, म्हणजे दोन मशीनमधलं, कनेक्शन ज्या पत्त्यावरून आलं तोच पत्ता तो देतो. खोट्या पत्त्यावरून आलेल्याचा हँडशेक (कनेक्शन जुळण्याआधीची देवाणघेवाण) पुरा होत नाही, कारण सर्व्हरचं उत्तर त्या दुसऱ्याच पत्त्यावर जातं, आणि एचटीटीपी रिक्वेस्टपर्यंत गाडी पोहोचतच नाही. लॉगमध्ये सगळीकडे १२७.०.०.१ दिसत असेल तर ॲपसमोर त्याच मशीनवर बहुधा एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी उभा आहे. १७२.१७.०.१ दिसत असेल तर मध्ये बहुधा डॉकरचं (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनाचं) ब्रिज नेटवर्क आहे. १० ने सुरू होणारे दोन-तीनच पत्ते आलटून पालटून येत असतील तर बहुधा लोड बॅलन्सर, म्हणजे रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा. म्हणजे ज्या माहितीला मेसेज ‘चुकीची’ म्हणतो, तिच्यावरूनच मध्ये कोण बसलंय ते कळतं. दुरुस्तीची सुरुवात तिथून करायची.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हा साधा मजकूर आहे, कुणीही लिहून पाठवू शकतो. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत येणारा माणूस स्वतःच आपलं नाव लिहितो, तसंच हे. समजा २०३.०.११३.७ वरून कुणीतरी रिक्वेस्ट पाठवली आणि हेडरमध्ये स्वतःच १०.०.०.५ हा ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा वाटणारा पत्ता लिहिला. एनजिनएक्सच्या नेहमीच्या कॉन्फिगमध्ये आलेला हेडर पुसला जात नाही, त्याच्या शेवटी रिक्वेस्ट खरोखर जिथून आली तो पत्ता जोडला जातो. ॲपच्या हातात पडतं ते असं:

१०.०.०.५, २०३.०.११३.७

मेसेजमधलं फंक्शन यातला पहिला उचलतं. ॲडमिन पॅनेल ‘फक्त ऑफिसच्या नेटवर्कसाठी’ ठेवलं असेल तर ते उघडलं. दर रिक्वेस्टला पहिला पत्ता बदलला तर लॉगिनची मर्यादा कधी लागणारच नाही. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधला ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर घेतलात तरी डीफॉल्ट सेटिंग हेच, शेवटी जोडणं. म्हणून मोजायचं उजवीकडून: आपल्या माहितीतले प्रॉक्सी एकेक करून मागे टाकायचे आणि पहिला अनोळखी पत्ता लागला की थांबायचं. त्याच्या डावीकडचं काहीही पुरावा म्हणून धरायचं नाही.

क्लायंट-आयपी हेडरची गत याहून वाईट. तुमचा प्रॉक्सी तो सहसा लिहीत नाही आणि पुसतही नाही. मग तो आलाच तर पाठवणाऱ्यानेच लिहिलेला, आणि फंक्शन नेमकं त्यालाच पहिला मान देतं.

हे ज्ञान नवंही नाही. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये एक्स-फॉरवर्डेड-फॉर वाचून रिमोट-ॲड्रेस बदलणारं मिडलवेअर, म्हणजे ॲपच्या आधी चालणारा कोड, होतं. २००९ साली आवृत्ती १.१ मध्ये ते काढून टाकलं, कारण सगळीकडे चालेल इतकं ते भरवशाचं करता येत नव्हतं आणि डेव्हलपर त्या पत्त्याला सुरक्षित समजून बसत होते.

योग्य जागा ॲपच्या कोडमध्ये नाही, सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये आहे. एनजिनएक्समध्ये ‘सेट रिअल आयपी फ्रॉम’ला फक्त आपल्या प्रॉक्सींच्या रेंज द्या, ‘रिअल आयपी हेडर’ ठरवा आणि ‘रिअल आयपी रिकर्सिव्ह’ चालू करा. अपाचे २.४ मध्ये मॉड-रिमोट-आयपी आहे, टॉमकॅटमध्ये रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह. एक्सप्रेस या फ्रेमवर्कमध्ये ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ला नुसतं ट्रू देऊ नका, तो डावीकडचा पहिलाच घेतो, हॉप्सची (मधल्या प्रॉक्सींची) संख्या किंवा रेंज द्या. ‘सेट रिअल आयपी फ्रॉम’मध्ये ०.०.०.०/०, म्हणजे जगातले सगळे पत्ते, टाकणं म्हणजे पुन्हा कुणाच्याही शब्दावर विश्वास. आणि समोर सीडीएन (साइट आणि वापरणाऱ्यांच्या मधलं सर्व्हरचं जाळं) असेल तर मूळ सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये त्याच्याच रेंज खुल्या ठेवा. नाहीतर सीडीएनला वळसा घालून कुणीही थेट येईल.

राहिला बॉटचा मुद्दा, आणि मुंबईत तो सरळसरळ लोकांवर अन्याय करतो. सकाळच्या विरार फास्टमध्ये शेकडो लोक मोबाइल डेटावर असतात. आयपीव्ही-४चे पत्ते अपुरे, म्हणून मोबाइल कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. अशा व्यवस्थेसाठीच २०१२ मध्ये १००.६४.०.० पासूनची /१० रेंज, म्हणजे पत्त्यांचा मोठा गट, राखून ठेवली गेली. दहावीचा निकाल किंवा शिवाजी मंदिरच्या नाटकाची तिकिटं पाहणारी माणसं एकाच पत्त्यावरून एकदम आली तर ती माणसंच आहेत. पत्ता ब्लॉक केलात की सगळीच बाहेर. मर्यादा घालायची तर आयपीबरोबर खातं, मोबाइल नंबर, सेशन हेही धरा. आयपीव्ही-६वर उलटी अडचण: एकाच घराकडे आख्खा /६४, म्हणजे पत्त्यांचा प्रचंड मोठा गट, असतो, तेव्हा एकेक पत्ता न मोजता तो /६४ मोजा.

तुमच्या साइटची स्थिती आजच तपासता येईल. फोनचं वायफाय बंद करा, लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडा आणि कर्ल या कमांडने एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये १.२.३.४ लिहून स्वतःच्या साइटला एक रिक्वेस्ट पाठवा. ॲपच्या लॉगमध्ये १.२.३.४ उमटला तर ते फंक्शन आजच काढा.